जिनिंगमधले दोन सीझन इंटरव्ह्यूत सांगायचे का?

पत्र असं आहे:

"ताई, मी सेलू तालुक्यातला. २०२२ ला मेकॅनिकल डिप्लोमा झाला, फर्स्ट क्लास आहे पण अप्लाइड मॅथ्स दुसऱ्यांदा देऊन निघाला. त्याच वर्षी बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं म्हणून घरीच राहिलो, शेती बघितली आणि दोन सीझन जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) फिटरच्या हाताखाली काम केलं. मागं चाकणला एक इंटरव्ह्यू दिला, इंग्रजीत इंट्रोडक्शन पाठ करून गेलो होतो, तिसऱ्या वाक्याला विसरलो, मग मराठीत 'मी सध्या शेती करायलोय' म्हणलं तर समोरचे सर हसले. आता वाळूजच्या एका कंपनीनं क्वालिटीमध्ये ट्रेनीसाठी पुढच्या मंगळवारी बोलावलंय. मित्र म्हणतेत जिनिंगचं सांगू नको, गॅप विचारला तर एमपीएससी करत होतो म्हण. काय तयारी करू? आणि बाबा म्हणायलेत मी पण येतो सोबत. त्यायला कसं नाही म्हणू?"

लेकरा, आधी त्या एमपीएससीचंच बोलू. मित्रांना तुझी काळजी आहे हे दिसतंय, पण हा सल्ला ऐकू नको. मी वाळूजमध्येच गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या एचआरमध्ये एकोणीस वर्षं होते आणि "एमपीएससी करत होतो" हे उत्तर इतक्यांदा ऐकलंय की पुढचे प्रश्न तोंडात तयारच असायचे, कोणती परीक्षा दिली, प्रिलिम कधी होती, सीसॅटला किती पडले. ज्यानं खरंच अभ्यास केला तो पटापटा सांगतो, ज्यानं नाही केला तो तिथंच अडकतो, आणि मग त्यानंतर तो व्हर्नियरसारख्या मोजमापाच्या साधनाबद्दल अगदी बरोबर जरी बोलला तरी समोरच्याला ते पाठ केल्यासारखं वाटायला लागतं. बरं समज खोटं पचलं, तरी घेणारा मनात काय म्हणतो, हा पोरगा पुढची जाहिरात निघाली की रजा टाकून जाणार. म्हंजे तू तुझ्याच हातानं त्याला नाही म्हणायला कारण दिलंस.

खरं सांगायला तुझ्याकडं याच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे रे. वडिलांचं ऑपरेशन झालं, घरात दुसरं करतं कोणी नव्हतं म्हणून थांबलो, शेती केली आणि सीझनला जिनिंगमध्ये मशीनवर काम केलं, आता वडील हिंडाय-फिराय लागलेत म्हणून मी पूर्णवेळ नोकरीला मोकळा आहे. एवढंच. आवाज पाडायचा नाही, माफी मागितल्यासारखं तर मुळीच बोलायचं नाही. आणि ते शेवटचं, मी आता मोकळा आहे, हे नक्की म्हण, कारण कंपनीला गॅप पडला याचं काही नसतं, ट्रेनिंग देऊन तयार केलेला पोरगा पुन्हा घरच्या कारणानं निघून जाईल का ही त्यांची खरी भीती असते.

बॅकलॉगचं पण तसंच, मार्कमेमोवर दिसतंच ते, विचारलं तर "पहिल्यांदा राहिला होता सर, दुसऱ्यांदा काढला" म्हणायचं आणि गप्प बसायचं.

आता जिनिंग. हे तू लपवणार होतास याचंच मला जास्त वाईट वाटलं. एक गोष्ट सांगते जी मला अजून टोचते. घनसावंगीकडचा एक पोरगा आला होता आमच्याकडं, मान खाली, उत्तरं एकेका शब्दात, रिझ्युमेमध्ये सगळं इंटरनेटवरून उचललेलं, हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर. आम्ही "कळवतो" म्हणलं आणि मी त्याचा कागद बाजूला ठेवून पण दिला. तेवढ्यात आमच्या मेंटेनन्सच्या साहेबांना शॉपवरून फोन आला की कूलंट पंपाची मोटर गुणगुण करायली आणि गरम होऊन बंद पडायली. पोरगा दारात उभा होता, तो वळून म्हणाला, सर एक फेज गेला असंल, आमच्या विहिरीच्या मोटरीचं तसंच होतं, फ्यूज बघा आणि फेज गेला की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर बसवलाय का बघा. साहेबांनी त्याला परत आत बसवलं आणि वीस मिनिटं त्याला नुसतं विहिरीच्या मोटरीबद्दल विचारलं, बेअरिंग कसं काढतो, वाइंडिंग जळलं हे वासावरून कसं कळतं, स्टार्टर कसा जोडतो. घेतलं त्याला. पण मला टोचतं ते हे की त्याच्या कागदावर मोटरीचा म पण नव्हता आणि मी पण त्याला विचारलं नव्हतं की बाबा घरी काय करतोस. फोन दोन मिनिटं उशिरा आला असता तर तो बस स्टँडवर पोचला असता.

तुझ्या समोर बसणाऱ्यांना असा फोन येईलच असं नाही, म्हणून तूच सांगायचं.

आज एक वही घे आणि त्या दोन सीझनचं सगळं लिहून काढ. भाषा कसली पण चालेल, तू बोलतोस तशी लिही. किती डबल रोलर मशीन होत्या, पाळी किती तासांची, दिवसाला किती गाठी निघायच्या. (पाच क्विंटलच्या आसपास कापसातून १७० किलोची एक गाठ निघते हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहिती, पण वाळूजच्या साहेबाला माहिती नसतं, आणि आकड्यात बोलणारा पोरगा त्याला लगेच वेगळा वाटतो.) रोलरच्या खाचा घासून गेल्या की रुई कमी निघायला लागते, मग तुम्ही काय करायचात, रोलर काढायला किती वेळ लागायचा, नाइफचं सेटिंग कोण करायचं, तुला शेवटी शेवटी एकट्याला करू द्यायचे का. कोणतं बेअरिंग सारखं जायचं. बेल्ट कशावरून कळायचा की आता तुटणार. कापसात खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा आला की ठिणगी पडून आग लागू शकते, त्यासाठी काय काळजी घ्यायचात. ही सगळी सेफ्टी आणि मेंटेनन्सचीच उत्तरं आहेत, फक्त तुझ्या वर्कशॉपमध्ये कापूस होता आणि त्यांच्याकडं स्टील आणि ॲल्युमिनियम आहे.

लिहिताना एक पथ्य पाळ. जे फिटरनं केलं ते फिटरचं म्हणून लिही आणि जे तू केलं ते तुझं म्हणून. "मी रोलर बदलायचो" आणि "रोलर बदलताना मी मदत करायचो" यात फरक आहे आणि अनुभवी माणूस दोन प्रश्नांत तो फरक काढतो. मदत केली म्हणण्यात काही कमीपणा नाही, तू ट्रेनी म्हणूनच चाललास ना.

मग त्यातली एक घटना निवड, एकच, जिथं काहीतरी बिघडलं आणि तुम्ही ते नीट केलं, आणि तिच्यावर "का" हा प्रश्न पाच वेळा विचारून बघ. समज बेअरिंग सारखं जायचं. का, ग्रीस कोरडं पडायचं. ग्रीस का कोरडं पडायचं, रुईची बारीक धूळ आत जायची. धूळ आत का जायची, सील फाटलेलं होतं. फाटलेलं सील का ठेवलं, बेअरिंग बदललं तेव्हा नवीन सील स्टॉकमध्ये नव्हतं. स्टॉकमध्ये का नव्हतं, कधी काय बदललं आणि काय संपलं याची नोंदच कोणी ठेवत नव्हतं. बघ, बेअरिंगपासून निघालास आणि रजिस्टरवर पोचलास. क्वालिटीवाले याला फाइव्ह व्हाय म्हणतात आणि इंटरव्ह्यूत हमखास विचारतात. पुस्तकातलं उदाहरण तर सगळेच सांगतात, जिनिंगचं उदाहरण त्या दिवशी तू एकटाच सांगशील. तू तेव्हा रजिस्टर केलं नसेल तर केलं म्हणू नको हां, "आज असतो तर रजिस्टर ठेवलं असतं" म्हण.

आता क्वालिटीच्या नोकरीसाठी टेक्निकल. पाच दिवसात सगळा डिप्लोमा परत वाचायच्या भानगडीत पडू नको. मोजमाप, ड्रॉइंग आणि रिजेक्शन, या तीन गोष्टी हातात पक्क्या पाहिजेत.

व्हर्नियरचा लीस्ट काउंट (म्हंजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी आणि मायक्रोमीटरचा ०.०१ हे सगळे सांगतात, पुढं "कसा काढला" विचारलं की अर्धे थांबतात. मेन स्केलचा एक भाग १ मिमी, व्हर्नियरवर ५० भाग, म्हणून १ भागिले ५०. मायक्रोमीटरमध्ये पिच (एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर) अर्धा मिमी आणि फिरवायच्या थिंबलवर ५० भाग, म्हणून ०.०१. हे पाठ करण्यापेक्षा तुझ्या पॉलिटेक्निकला एक चक्कर मार, मेट्रॉलॉजी लॅबच्या सरांना सांग इंटरव्ह्यू आहे, अर्धा तास हातात द्या, कोणी नाही म्हणत नाही. कारण बऱ्याच ठिकाणी टेबलावर व्हर्नियर आणि एक पीस ठेवतात आणि माप म्हणतात. तिथं सगळे घाईनं पीस पकडतात. तू आधी जबडे पुसायचे, बंद करून झिरो जुळतोय का बघायचं, मग पीस घ्यायचा. आमचे क्वालिटीचे साहेब रीडिंगच्या आधी हेच बघायचे, पोरानं झिरो एरर चेक केला का, रीडिंगमध्ये एखादी रेघ चुकली तरी त्यांना चालायचं.

मग टॉलरन्स, म्हंजे मापात किती फरक चालतो ते. शाफ्टचा डायमीटर २५ ± ०.०५ दिलाय, म्हंजे २४.९५ ते २५.०५ पर्यंत पास. पीस २५.०८ निघाला तर काय आणि २४.९१ निघाला तर काय? दोन्ही रिजेक्ट, पण २५.०८ वाल्यावर अजून मटेरियल आहे, तो परत टर्निंगला जाऊ शकतो, रिवर्क. २४.९१ वाल्यातून मटेरियल निघून गेलंय, तो स्क्रॅप. आणि लगेच विचारतील की आता शाफ्टच्या जागी होल असेल तर? तिथं उलटं, होल लहान असेल तर वाढवता येतं, मोठं झालं तर स्क्रॅप. होल तपासायच्या प्लग गेजचं गो टोक सगळ्यात लहान चालणाऱ्या होलचं असतं, ते आत गेलंच पाहिजे, नो-गो सगळ्यात मोठ्याचं, ते जाता कामा नये. हे एकदा कागदावर चित्र काढून समजून घे, उभ्या आयुष्यात विसरणार नाहीस.

सेव्हन क्यूसी टूल्सची (क्वालिटीचे दोष शोधायच्या सात पद्धतींची) नावं पाठ असू दे पण दोन नीट समजून जा, पॅरेटो (कोणत्या कारणानं सगळ्यात जास्त दोष येतात ते दाखवणारा तक्ता) आणि फिशबोन (माशाच्या काट्यासारखं काढलेलं कारणांचं चित्र), ते पण जिनिंगच्याच उदाहरणानं. फाइव्ह एसचं (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच पायऱ्यांचं) पण तेच, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे जपानी शब्द म्हणता आले तर ठीक, पण नट-बोल्टचे पाने वेळेवर सापडत नव्हते म्हणून मशीन किती वेळ बंद राहायची हे तू सांगितलंस तर त्यांना कळेल की याला फाइव्ह एस कशासाठी आहे ते माहिती आहे. कंपनी गाड्यांचे पार्ट बनवत असेल तर आयएटीएफ १६९४९ हे नाव कानावर असू दे, ऑटोमोबाइलच्या क्वालिटी सिस्टिमचं स्टँडर्ड आहे ते, एवढं पुरे.

आणि एक प्रश्न मी स्वतः विचारायचे. शिफ्ट संपायला दहा मिनिटं राहिलीत, बस गेटवर उभी आहे, आणि तुझ्या हातात एक पीस मापाच्या बाहेर निघाला, काय करशील? बरीच पोरं म्हणायची रिजेक्टच्या बिनमध्ये टाकतो. ते बरोबर आहे पण अर्धं आहे. लाल बिनमध्ये टाकायचा, टॅग लावायचा, ऑपरेटरला मशीन थांबवायला सांगायचं, सुपरवायझरला कळवायचं, आणि मुख्य म्हंजे शेवटचा चांगला पीस कोणता होता तिथपर्यंत मागं जाऊन मधले सगळे पीस परत तपासायचे. बस गेली तर गेली.

इंग्रजीचं तुझ्या मनात लई बसलंय, चाकणपासून. बघ, तिथं तू इंग्रजी विसरला नाहीस, दुसऱ्याचं पाठ केलेलं विसरलास. स्वतःचं माणूस विसरत नाही. पाच-सहा लहान वाक्यं स्वतः तयार कर, नाव, गाव, डिप्लोमा कुठून आणि कधी, दोन सीझन जिनिंगमध्ये काय काम केलं, क्वालिटीत का यायचंय. कोणाकडून तरी तपासून घे आणि मोठ्यानं म्हण, रानात म्हण, गोठ्यात म्हण, पण मोठ्यानं, मनातल्या मनात म्हणलेलं तोंडाला वळण लावत नाही. आणि मध्ये अडलास तर गप्प बसून राहायचं नाही, "सर, पुढचं मराठीत सांगू का" एवढं शांतपणे विचारायचं. वाळूजच्या शॉपफ्लोअरवर दिवसभर मराठी आणि हिंदीच चालते, ऑपरेटरशी तुला तिच्यातच बोलायचंय, हे समोरच्याला माहिती असतं. इंग्रजी ड्रॉइंग आणि रिपोर्ट वाचता येतो का हे त्यांना बघायचं असतं, तेवढं मात्र तुला आलंच पाहिजे आणि नसेल येत तर शीक.

"करायलोय" वर कोणी हसलं तर त्याचं तू काही मनाला लावून घेऊ नको. मी अंबाजोगाईची, मी पण "जायलेय, करायलेय"च म्हणते, एकोणीस वर्षं म्हणत आले, मीटिंगमध्ये पण. फक्त एक कर, आपली माणसं बोलताना शेवटचे शब्द गिळतात, नाहीतर एका दमात सगळं सांगून टाकतात, तू सावकाश बोल.

पगाराचं. ट्रेनीला घासाघीस करायला फार जागा नसते, पण विचारायला लाजू नको. कंपनीच्या रोलवर घेणार, काँट्रॅक्टरच्या, का अप्रेंटिस म्हणून, हे पहिलं विचार, कारण अप्रेंटिस असशील तर ते स्टायपेंड असतं, त्यातून पीएफ कापत नाहीत, आणि मुदत संपल्यावर ठेवतीलच असं नसतं. पगार असेल तर हातात किती येणार ते विचार. समज ग्रॉस १८,००० आणि त्यातला बेसिक-डीए १२,००० आहे, तर पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०, ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा विमा) ०.७५ टक्क्यानं १३५, प्रोफेशनल टॅक्स २००, उरले १६,२२५. सीटीसीचा, म्हंजे कंपनीला तुझ्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा याच्यापेक्षा मोठा दिसतो कारण कंपनीचा पीएफचा वाटा पण त्यातच धरलेला असतो. घरी सांगताना हातात येणारा आकडा सांग, नाहीतर पहिल्या महिन्याला घरचे बुचकळ्यात पडतात.

आणि कोणी एजंट, कन्सल्टन्सीवाला, गेटवरचा कोणी, रजिस्ट्रेशनचे नाहीतर युनिफॉर्मचे म्हणून पैसे मागायला लागला तर एक रुपया द्यायचा नाही आणि ओरिजिनल मार्कमेमो कोणाच्या ताब्यात ठेवायचे नाहीत, दाखवायचे आणि परत घ्यायचे. झेरॉक्सचे दोन सेट ने. कपडे साधे, इस्त्रीचे, पायात बूट, कारण शॉपमध्ये न्यायचं ठरलं तर चपलेवर आत सोडत नाहीत.

मंगळवारी सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नको. आपली रेल्वेची लाइन एकेरी, परतूरला नाहीतर रांजणीला क्रॉसिंगला थांबली की थांबली. सोमवारीच संभाजीनगरला ये. वाळूजजवळच्या बजाजनगरला नाहीतर रांजणगावला तुमच्याकडच्या कितीतरी पोरांच्या रूम आहेत, ओळखीच्या कोणाकडं तरी मुक्काम कर आणि संध्याकाळीच जाऊन गेट बघून ये. वाळूजमध्ये एकेका कंपनीचे दोन-तीन प्लांट असतात, वेगवेगळ्या सेक्टरला, म्हणून बोलावणाऱ्याला आजच फोन करून प्लॉट नंबर आणि सेक्टर विचारून घे. चुकीच्या प्लांटच्या गेटवर तासभर बसून राहिलेली पोरं मी बघितलीत.

आता बाबा. तू विचारलंस त्यांना नाही कसं म्हणू. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला माझे वडील एसटीनं माझ्यासोबत आले होते, गेटच्या बाहेर लिंबाखाली सकाळपासून बसले होते, दुपारी तीनला मी बाहेर आले तेव्हा डबा तसाच होता, माझ्यासाठी थांबले होते. आत असताना ते बाहेर आहेत हे मला माहिती होतं आणि त्याचा मला आधारच झाला. म्हणून मी तर म्हणीन येऊ दे. पण दोन गोष्टी डॉक्टरांना आणि त्यांना दोघांना विचार, मणक्याला एवढा प्रवास झेपतो का, आणि पोरांच्या रूमवर खाली गादीवर झोपणं जमेल का. जमत असेल तर आणि तरच. त्यांना कंपनीच्या रिसेप्शनमध्ये नेऊ नको, तिथं तुझा पास एकट्याचा असतो आणि तुझं सगळं लक्ष त्यांच्याकडं राहील, त्यांना जवळच्या हॉटेलात चहाला बसव, बाक टेकायला आहे असं बघून बसव, त्यांच्याजवळ पाण्याची बाटली आणि तुझा मोबाइल ठेव, तसा पण तो तुला आत बंदच ठेवायचाय.

परतीचं तिकीट दोघांचं आधीच काढून ठेव, त्यांना पाठ टेकता येईल अशी जागा बघ. आत काय काय विचारलं, तू काय सांगितलं, ते पहिल्यांदा त्यांनाच सांग, सेलू येईपर्यंत वेळ भरपूर असतो. मला बुधवारी लिही.